घरी चिवचिव, शाळेत चिडीचूप : साडेपाच वर्षांच्या मुलीच्या मौनाविषयी

आंबेहळद | १२ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार. मी इथे बरीच वर्षे केवळ वाचक म्हणून आहे. आज प्रथमच धागा काढते आहे, त्यामुळे मजकूर लांबला तर सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असून पुण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मोठ्या शिशुवर्गात आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही. घरी आम्ही तिला चिमी म्हणतो. घरी चिमीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो. भातुकली मांडून ती बाहुल्यांची पालकसभा घेते, त्यात स्वतःच बाई होते, स्वतःच पालक होते, आणि एखाद्या बाहुलीच्या आईला 'हिच्याकडे घरी लक्ष कमी पडतंय' असेही सुनावते. शाळेच्या फाटकातून आत शिरताच मात्र हीच मुलगी गप्प होते. गेल्या संपूर्ण वर्षात तिने शाळेत एकही शब्द उच्चारलेला नाही. हजेरीला ती हात वर करते, चित्रे मन लावून काढते, सांगितलेले सारे तिला समजते; परंतु कुणी काही विचारले की तिचा चेहरा कोरा होतो, मान ताठ होते आणि नजर फरशीवर खिळते. लहान शिशुवर्गातील बाई म्हणाल्या होत्या की रुळेल हळूहळू, आणि आम्हीही तेच धरून चाललो.

या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, ती ओल्या कपड्यांनी घरी आली. लघवीला जायचे आहे हे सांगता न आल्यामुळे तिने साडेतीन तास धरून ठेवली होती. त्या दिवसापासून ती सकाळी पाणी पीत नाही, आणि डब्यातील काकडीसुद्धा 'त्यात पाणी असतं' म्हणून परत आणते. पालकसभेत आम्हाला सांगण्यात आले की मूल हट्टी आहे, घरी लाड कमी करा. सासूबाईंना वाटते की दृष्ट लागली असावी. जीभ सुटण्यासाठी वेखंड उगाळून चाटवावे, असे त्या सुचवतात. माझी आई म्हणते की लहानपणी मीही अशीच मुखदुर्बळ होते.

मी स्वतः काय करते, तेही लिहिते. रिक्षात किंवा दुकानात कुणी तिला नाव विचारले की दोन सेकंदांच्या आत मीच सांगून टाकते, कारण तिचा तो गोठलेला चेहरा मला पाहवत नाही. आणि घरी आल्यावर त्याच गोष्टीवरून तिला रागावते. परवा रात्री झोपताना मी विचारले, 'शाळेत बोलायला काय होतं गं तुला?' ती म्हणाली, 'आई, मी आतून बोलते. ते बाहेर येतच नाही.'

हा हट्ट आहे की आणखी काही? कुणाला दाखवावे? आणि तोवर आम्ही घरातल्यांनी काय करणे थांबवावे?

—

उंबरठा | १३ जुलै, सकाळी ७.०५

आंबेहळदताई, तुमच्या मुलीचे शेवटचे वाक्य वाचून मी थांबलो. माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. पाचव्या वर्षी तोही शाळेत असाच होता. तो गळ्याकडे बोट दाखवत असे आणि आम्ही घसा तपासून आणला होता.

आम्ही केलेल्या चुका सांगतो, कारण त्या तुम्हाला अधिक उपयोगी पडतील. तो सहा महिने सायकलीसाठी मागे लागला होता. मी त्याला म्हणालो, 'उद्या बाईंशी फक्त एक शब्द बोल, संध्याकाळी सायकल आणतो.' मला हा सौदा फार उदार वाटला होता. दुसऱ्या दिवशी तो घरी आला, बूट काढले, आणि म्हणाला की मला सायकल आवडत नाही. त्याला ती हवीच होती. फक्त तिची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची होती. पाय मोडलेल्या मुलाला जिना चढल्यास बक्षीस देऊ करावे, तसे ते झाले. बक्षीस मोठे असल्याने त्याची हार मोठी झाली, इतकेच.

दुसरी चूक म्हणजे पाहुण्यांसमोरची परीक्षा. 'काकांना गाणं म्हणून दाखव' हे वाक्य आमच्या घरात पुढे वर्षभर वर्ज्य करावे लागले.

हट्टी मूल आणि घाबरलेले मूल यांतला फरक मला फार उशिरा दिसला. हट्ट करणारे मूल आपल्याकडे पाहते, आपण किती ताणतो याचा अंदाज घेते. हा कुणाकडेही पाहत नसे.

—

जुना_जिना | १३ जुलै, सकाळी ९.४०

माझे मत थोडे वेगळे आहे, राग नसावा. आमच्या काळी प्रत्येक वर्गात दोन-तीन घुमी मुले असत, त्यांची कुणी तपासणी करीत नसे, आणि पुढे ती नोकरी-धंद्याला लागलीच. आता लाजाळूपणालाही आजाराचे नाव देण्याची घाई दिसते. साडेपाच वर्षांच्या मुलीच्या मागे डॉक्टर लावण्याआधी एखादे वर्ष थांबून पाहायला काय हरकत आहे?

—

पारिजात_२ | १३ जुलै, सकाळी १०.१५

वाचते आहे. माझ्या भाच्याचेही नेमके असेच आहे.

—

स्वरव्यंजन | १३ जुलै, दुपारी २.३०

मी वाचा व श्रवणतज्ज्ञ असून लहान मुलांबरोबर काम करते. मूल प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही आणि येथे मी ते करणार नाही; परंतु आंबेहळद यांनी लिहिलेले चित्र माझ्या ओळखीचे आहे. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल विशिष्ट ठिकाणी किंवा विशिष्ट माणसांसमोर बोलूच शकत नाही, ही स्थिती किमान महिनाभर टिकते, तो महिना केवळ शाळेचा पहिला महिना नसतो, आणि ती भाषा येत नाही हे त्याचे कारण नसते, तेव्हा आम्ही सिलेक्टिव्ह म्यूटिझमचा विचार करतो. मराठीत काही जण त्याला निवडक मौन म्हणतात. मला तो शब्द पुरता पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगितल्यास जुना_जिना यांच्या शंकेचेही थोडे उत्तर मिळेल.

या स्थितीला १८७७ मध्ये जर्मन वैद्य अडोल्फ कुसमाउल यांनी जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ स्वेच्छेने पत्करलेले मौन असा होता. १९३४ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोरिट्झ ट्रामर यांनी 'इलेक्टिव्ह' हा शब्द आणला, म्हणजे पुन्हा मुलाची निवड आलीच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९९४ मध्ये 'इलेक्टिव्ह'चे 'सिलेक्टिव्ह' झाले, कारण मूल न बोलण्याचे ठरवत नाही, तर काही प्रसंगांतच त्याचे बोलणे अडते, हे तोवर लक्षात आले होते. २०१३ च्या आवृत्तीत ही स्थिती चिंताविकारांच्या गटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही ती चिंता आणि भीतीच्या विकारांतच आहे. म्हणजे वैद्यकाला हट्टाकडून भीतीकडे यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासूनच होता, हे मला नेहमी गमतीचे वाटते. जाणूनबुजून गप्प बसणाऱ्याला आपण 'मूग गिळून बसला' म्हणतो, आणि घाबरल्याने बोलता न येणाऱ्याची 'वाचा बसली' किंवा 'दातखीळ बसली' म्हणतो. चिमीने मूग गिळलेले नाहीत. तिची वाचा बसते, आणि ती फाटकाबाहेर पडली की पुन्हा उठते.

थांबण्याबद्दल : लाजाळू मूल पहिल्या काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, एखाद्या मैत्रिणीशी तरी कुजबुजू लागते. पूर्ण शैक्षणिक वर्ष निःशब्द गेलेले मूल आणखी वर्षभर तसेच ठेवले, तर त्या वर्षात ते न बोलण्याचाच सराव करते, आणि 'ती बोलत नाही' ही तिची वर्गातली ओळख पक्की होते. पुढे तिला बोलावेसे वाटले तरी चाळीस माना तिच्याकडे वळतील, याचीच तिला धास्ती वाटते. घुमी मुले मोठी होऊन कामाला लागली हे खरेच आहे. त्यांतल्या किती जणांनी हात वर करून प्रश्न विचारण्याची नोकरी टाळली, हे आपण मोजलेले नाही.

सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्या. बोलत नसल्यामुळे चाचणी होणार नाही असे पालकांना वाटते, पण या वयात आवाज ऐकू आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा, अशा खेळातून ती होते. सोबत तिच्या भाषेची व उच्चारांची तपासणी व्हावी. त्यासाठी घरी ती बोलत असतानाचे चित्रीकरण, तिला नकळत न करता, सहज घेतलेले, फार उपयोगी पडते. बालरोगतज्ज्ञांना लघवी धरून ठेवण्याबद्दल अवश्य सांगा, कारण त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग आणि बद्धकोष्ठता होऊ शकते. वेखंड कृपया देऊ नका. जिभेत दोष नाही, तेव्हा तिला सोडवायचे असे काही नाही.

आणि शौचालयाचा प्रश्न आजच सोडवा. बोलण्याची अट त्याला कधीही नको. बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर एक लाल पत्ता ठेवा. तो उचलून दाखवला की जाता येते, हे पूर्ण वर्गाला लागू करा, म्हणजे चिमी वेगळी दिसणार नाही.

—

बालवाडीताई | १३ जुलै, रात्री ८.५०

मी निवृत्त शिक्षिका आहे. तीस वर्षे बालवाडीत काढली. वरील प्रतिसाद वाचून दोन मुलींची आठवण झाली, ज्यांना मी 'अतिशय शहाण्या, अजिबात त्रास न देणाऱ्या' म्हणून वर्षअखेरीस शाबासकी दिली होती. त्यांच्या तोंडून मी वर्षभरात काय ऐकले, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. गप्प मुलाचा वर्गाला त्रास होत नाही, म्हणून ते शिक्षकाच्या नजरेत येत नाही. यात शिक्षक दुष्ट असतो असे नाही. त्याच्यापुढे रडणारी, चावणारी, पळणारी अशी सहा मुले आधीच उभी असतात.

एक सुचवते. बाईंना घरी बोलवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवले जाई आणि आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करीत असू. पण मूल जिथे मोकळे असते तिथे बाईंनी जावे, ही गोष्ट पाड्याइतकीच सोसायटीतील सदनिकेलाही लागू आहे. बाईंनी येऊन चहा घ्यावा, चिमीची भातुकली पाहावी, तिला काहीही विचारू नये आणि निघून जावे. दोन-तीनदा असे झाले की बाई या तिच्या घराच्या जगातल्या होतात.

—

आंबेहळद | १४ जुलै, रात्री १०.५५

सर्वांचे मनापासून आभार. 'वाचा बसते' हे मी आज सासूबाईंना सांगितले, आणि त्यांना ते ताबडतोब समजले. त्या म्हणाल्या की चौथीत एका मास्तरांनी फळ्यापाशी उभे केले होते, तेव्हा त्यांची अशीच बसली होती. इतकी वर्षे त्यांनी हे कुणाला सांगितले नव्हते.

शाळेत लाल पत्त्याला परवानगी मिळाली. घरी येण्यास मात्र बाईंनी नम्रपणे नकार दिला. शाळेच्या नियमांत ते बसत नाही. वर्गात बेचाळीस मुले आहेत. मला त्यांना दोष देता येत नाही.

—

निळवंडे | १६ जुलै, दुपारी १.१०

आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. इथे बालमानसोपचारतज्ज्ञ नाही आणि वाचातज्ज्ञही नाही. माझा मुलगा अंगणवाडीत बोलत नाही, घरी बोलतो. पुण्या-मुंबईबाहेरच्यांनी कुठे जावे?

—

स्वरव्यंजन | १६ जुलै, रात्री ९.००

निळवंडे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळेत येते; पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविका किंवा आशाताई सांगू शकतील. त्या पथकाला 'मूल शांत आहे' असे सांगू नका, 'घरी बोलते, येथे बोलत नाही, इतके महिने झाले' असे नेमके सांगा. पथक मुलाला जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते, तिथे श्रवणाची आणि विकासाची तपासणी विनामूल्य होते. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याविषयीची मोफत दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते, आणि पालकाने मुलाविषयी फोन करण्यास हरकत नसते. त्यांच्याकडून जवळच्या सेवेची माहिती मिळेल. तोवर घरी जे करायचे आहे त्याला तज्ज्ञाची वाट पाहावी लागत नाही. ते सविस्तर लिहिते.

—

नेकारकाठ | १७ जुलै, पहाटे ३.४५

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ असतो. इथे बालवाडीत घातल्यावर माझी मुलगी पाच महिने जर्मन बोलली नाही, आणि मला एका परिचितांनी घरचे मराठी बंद करण्याचा सल्ला दिला. सुदैवाने तो मानला नाही. ती मुकाट्याने जर्मन गोळा करीत होती. सहाव्या महिन्यात थेट वाक्येच बोलू लागली. चिमीचेही इंग्रजीमुळे असेच झाले नसेल का?

—

स्वरव्यंजन | १७ जुलै, रात्री ९.३०

चांगला प्रश्न आहे. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही महिने गप्प राहण्याचा काळ अनेक मुलांना येतो आणि तो नैसर्गिक आहे. फरक ओळखण्याची सोपी खूण अशी : आपल्या मुलीशी त्या बालवाडीत कुणी मराठीत बोलले असते तर ती बोलली असती का? उत्तर 'हो' असेल तर अडथळा भाषेचा होता. चिमीच्या वर्गात बहुतेक मुलांना मराठी येते, तरी ती मराठीतही बोलत नाही, म्हणून मला भीतीचा संशय आहे. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात. घर बदललेल्या, भाषा बदललेल्या मुलांत ही स्थिती अधिक आढळते. मातृभाषा बंद करणे हा उपाय दोन्ही बाबतींत चूकच आहे, कारण मूल ज्या एकमेव ठिकाणी निर्धास्त बोलते तेच आपण काढून घेतो.

आता घरच्या कामाकडे येते.

पहिले काम प्रश्न कमी करण्याचे आहे. आपण मुलांशी बोलतो म्हणजे बहुतेक वेळा त्यांची उलटतपासणी घेतो : हा रंग कोणता, डबा संपवलास का, बाई काय म्हणाल्या. त्याऐवजी रोज दहा-पंधरा मिनिटे नुसते शेजारी बसा आणि जे दिसते ते बोला : 'तू निळा खडू घेतलास', 'बाहुलीला आमटी वाढलीस वाटतं'. ती काही म्हणाली तर तेच सहज पुन्हा म्हणा. हेच मामीला, शेजारच्या काकूंना, बाईंना शिकवा. ज्या माणसाला आपल्याकडून उत्तर नको आहे त्याच्यापाशी या मुलांचे खांदे खाली येतात, आणि आवाज त्यानंतरच येतो.

दुसरे काम, विचारायचेच असेल तेव्हा, निवड देण्याचे. 'पोळी हवी का?' याला मान हलवून भागते. 'पोळी की पुरी?' याला शब्द लागतो, पण एकच, आणि तोही आपण आधी उच्चारून दिलेला. विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. पाच सेकंद किती लांब असतात हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा विचारा, किंवा प्रश्न आणखी सोपा करा. आंबेहळद, तुम्ही दोन सेकंदांत उत्तर देऊन टाकता त्यामागे प्रेम आहे हे मला दिसते. पण त्यातून तिला दरवेळी दोन गोष्टी कळतात, की बोलणे खरोखरच भयंकर असावे, आणि आई आहे तोवर ते टाळता येते. ती तुमच्या कानात सांगते आणि तुम्ही मोठ्याने सांगता, असे होत असेल तर तुम्ही तिच्या दुभाषी झाला आहात. लगेच नोकरी सोडू नका. फक्त कान हळूहळू लांब न्या.

तिसरे, शब्द आलाच तर उत्सव करू नका. 'अगंबाई, बोलली!' एवढ्यावर महिन्याची मेहनत जाते. 'पुरी. बरं,' म्हणून पुरी वाढा. कौतुक नंतर, एकांतात, थोडक्या शब्दांत.

शाळेतल्या कामाचा गाभा असा, की भीतीच्या जागी आधी ओळखीचा आवाज न्यायचा आणि मग अनोळखी माणूस सावकाश आत आणायचे. वर्ग रिकामा असताना तुम्ही दोघींनीच आत बसून सापशिडी खेळा. ती घरच्यासारखी बोलू लागली की पुढच्या खेपेला दार उघडे ठेवा. मग बाई न थांबता व्हरांड्यातून जातील. मग तुमच्याकडे पाठ फिरवून वह्या तपासत बसतील. मग त्यांची एक सोंगटी पटावर येईल. फाशाचे आकडे मोजताना एक तुम्ही, दोन चिमी, तीन बाई असे आळीपाळीने म्हणता येते, आणि आकडे हे या मुलांना संभाषणापेक्षा सोपे जातात, कारण त्यांत चुकीचे मत देण्याची भीती नसते. मग एके दिवशी तुम्ही पाणी प्यायला म्हणून उठून जाल. प्रत्येक पायरीवर ती गोठली तर एक पायरी मागे जायचे, रागावायचे नाही. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा तीनदा पंधरा मिनिटे बसलेले बरे.

—

जुना_जिना | १८ जुलै, सकाळी ८.२०

हे मला पटण्याजोगे आहे, कारण यात औषध नाही. लहान मुलांना मेंदूवरची गोळी देण्यास मात्र माझा विरोध कायम राहील.

—

स्वरव्यंजन | १८ जुलै, दुपारी १.५०

या वयात सुरुवात वरील पद्धतीनेच होते. पुरेसा काळ नीट प्रयत्न करूनही फरक पडत नसेल किंवा चिंता फार तीव्र असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञ फ्लुऑक्सेटिनसारखे औषध सोबतीला देण्याचा विचार करतात. तो निर्णय त्यांचा आणि पालकांचा असतो, धाग्यावरील आपणा कुणाचा नव्हे. ज्या घरात ते द्यावे लागले, तेथील आईवडिलांना कमीपणा वाटेल असे येथे काही लिहिले जाऊ नये, इतकीच विनंती.

—

उंबरठा | १८ जुलै, रात्री ९.१५

माझ्या मुलाला दिले होते, सुमारे वर्षभर. मागील प्रतिसादात लिहिले नाही, कारण जुना_जिना यांच्यासारखेच माझे वडील आहेत.

—

जुना_जिना | १८ जुलै, रात्री ११.३०

उंबरठा, क्षमस्व. मी ते वाक्य लिहायला नको होते.

—

पारिजात_२ | २२ ऑगस्ट, दुपारी ४.००

गणपती तोंडावर आले आहेत. भाचा आमच्याकडे येणार, घरात तीस माणसे असणार, आणि प्रत्येक जण त्याला 'मोठा झालास, बोलत का नाहीस' विचारणार. नातेवाइकांना काय सांगावे, कुणी सुचवेल का?

—

उंबरठा | २२ ऑगस्ट, रात्री ८.४०

आम्ही आदल्या दिवशी सर्वांना एकच निरोप पाठवीत असू : 'त्याला प्रश्न विचारू नका, त्याच्या देखत त्याच्या बोलण्याबद्दल बोलू नका, काम द्या.' शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. पाहुण्यांना काही करू नका म्हटले की ते अस्वस्थ होतात. दूर्वा निवडायला बसवा, आरतीत झांज द्या. आरतीच्या गजरात आपला आवाज कुणाला एकट्याचा ऐकू येत नाही. माझा मुलगा घराबाहेरच्या माणसांत पहिल्यांदा तोंड उघडून काही म्हणाला तो तिथेच, आणि ते मला शेजारी उभे राहून केवळ ओठांवरून कळले.

—

आंबेहळद | ३० नोव्हेंबर, रात्री ११.१०

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. श्रवण उत्तम आहे, भाषा वयाच्या पुढे आहे, आणि बालमानसोपचारतज्ज्ञांनी सिलेक्टिव्ह म्यूटिझम हेच निदान केले. लाल पत्त्यामुळे ती पाणी पिऊ लागली. तो पत्ता आता वर्गातली अर्धी मुले वापरतात, असे बाई जरा वैतागून सांगतात.

शाळेने शनिवारी वीस मिनिटे वर्ग वापरू दिला. आठवड्यातून तीनदा जमले नाही. पहिले चार शनिवार ती रिकाम्या वर्गातही कुजबुजतच खेळली, आणि मी घरी येऊन रडले, हेही नोंदवते. पाचव्या शनिवारी बाईंना बैठक असल्याने त्या आल्या नाहीत. वर्ग झाडायला मावशी आल्या. त्यांना आमच्या पायऱ्यांची काही कल्पना नव्हती. झाडू टेकवून त्या पटाशी उकिडव्या बसल्या, म्हणाल्या, 'मलाही घ्या,' आणि कुणाची ते न विचारता एक सोंगटी पुढे सरकवली. चिमी म्हणाली, 'ती माझी आहे, तुमची हिरवी.'

मी पटाकडेच पाहत राहिले. मावशींनी 'बरं, हिरवी तर हिरवी' म्हणून सोंगटी बदलली आणि लगेच त्यांना सापाने गिळले. त्यानंतर पाच शनिवार मावशी आमच्याबरोबर होत्या. माझ्या मते चिमी त्यांच्याशी बोलली, कारण शाळेत तिच्या बोलण्याची वाट न पाहणारे त्या एकट्याच माणूस होत्या. बाई त्यानंतर खेळात आल्या त्या मावशींच्या ओळखीने.

—

बालवाडीताई | १ डिसेंबर, सकाळी ६.३०

मावशींना माझा नमस्कार सांगा. शाळेच्या सभांना त्यांना कधी बोलावत नाहीत.

—

आंबेहळद | २८ मार्च, रात्री १०.००

वर्ष संपत आले. चिमी बाईंना ऐकू येईल इतक्या आवाजात एका-दोन शब्दांची उत्तरे देते, दोन मैत्रिणींशी डब्याच्या सुट्टीत बोलते, आणि पूर्ण वर्गासमोर अजून बोलत नाही. स्नेहसंमेलनात ती झाड झाली होती. आम्ही तिला विचारले होते आणि झाड तिनेच निवडले.

आता जूनमध्ये पहिली. इमारत वेगळी, बाई वेगळ्या, आणि मावशी त्या मजल्यावर नसतात हे कालच कळले. सर्व पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल का?

—

स्वरव्यंजन | २९ मार्च, दुपारी ३.२०

पहिल्यापासून नाही, पण सुट्टीनंतर एक-दोन पायऱ्या खाली उतरणे अपेक्षित धरा. नव्या बाईंची भेट जूनमध्ये नव्हे, सुट्टी लागण्याआधी घ्या. जुन्या बाईंनी पहिल्या भेटीला पाच मिनिटे सोबत यावे, शक्य असल्यास मावशींनीही. नव्या बाईंना एका कागदावर लिहून द्या की आज ती काय करते, कशाने गोठते, आणि पहिल्या दिवशी नाव विचारू नये. ज्या दोन मैत्रिणींशी ती बोलते त्या त्याच तुकडीत असाव्यात, असा अर्ज आत्ताच करा. तुकड्या ठरल्यावर कुणी बदलत नाही. आणि मे महिन्यात त्या दोघींना घरी खेळायला बोलवा, एकेकीला, दोघींना एकदम नको.

—

आंबेहळद | २ एप्रिल, रात्री ९.४५

अर्ज दिला आहे. नव्या बाईंनी सोमवारी साडेअकराची वेळ दिली असून मावशींनाही तेवढ्यापुरती सवड मिळाली आहे. चिमीने विचारले, 'नव्या बाईंना सापशिडी येते का?' माझे उत्तर ओठांवर आले होते, ते गिळून मी मनात मोजू लागले. चारवर ती म्हणाली, 'नसेल येत तर मावशी शिकवतील.' सापशिडीचा पट तिने आजच दप्तरात भरून ठेवला आहे. फासा मात्र घरात कुठेच सापडत नाही.